समुद्रात उतरणारे बैल



जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षकाच्या मागे तक्ते लागतात. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि मग एक रकाना – पालकाचा व्यवसाय. गेल्या जूनमध्ये सहावीतला एक मुलगा माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "मॅडम, इथं काय लिहू?"

"अब्बा जे करतात ते लिही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "व्यापार लिहू का?"

त्याचे वडील पिंजारी आहेत. रेणापूरच्या पिंपळफाट्याकडे त्यांचं दुकान आहे, जुना कापूस पिंजून गाद्या-उशा भरून देतात. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांनीच भरलेल्या आहेत. मी त्याला समजावून सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, "बरं, लिही." कारण त्याच्या जागी मी स्वतः एकदा उभी राहिलेली होते. त्याची गोष्ट पुढं सांगते. आधी तुम्हाला माझ्यासोबत हर्णैला नेते, कारण ही गोष्ट कुणाला सांगायची हिंमत मला तिथंच आली.

बी.एड.ला औरंगाबादला असताना माझी एक मैत्रीण होती, रत्नागिरी जिल्ह्यातली. तिचं सासर दापोली तालुक्यातल्या हर्णैला. वीस वर्षं ती बोलवत होती. "एकदा समुद्र बघायला ये गं, तुमच्याकडं तर पाणी रेल्वेनं आणावं लागतं." ती चेष्टा करायची, पण खोटं नव्हतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं होतं. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांनी चित्रकलेच्या तासाला विहीर काढली तर तळ पांढराच सोडला होता. शेवटी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निघालो. मी, हे आणि दोन मुलं. लातूरहून रात्रीची गाडी धरून पुणे, पुण्याहून दापोली. पाचशे किलोमीटरच्या वर प्रवास झाला.

हर्णैच्या समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. किनाऱ्याच्या बाजूला कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, हे मी मुलांना वाटेत सांगून ठेवलं होतं. पण मुलांचं लक्ष किल्ल्याकडं गेलंच नाही. ते बघत होते बैलांकडं.

हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव भरतो. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या होड्या किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात थांबलेल्या होत्या. किनारा उथळ, म्हणून त्यांना जवळ येता येत नाही. मग त्यांचा माल काठावर आणायचा कसा? छोट्या होड्यांतून आणि बैलगाडीतून. बैलगाडीवाला बैलांना सरळ समुद्रात घालतो. लाटा पायांवर आपटत असतात, पाणी पोटाला लागतं, तरी बैल शांतपणे चालत राहतात. तिथं गाडीत मासळीच्या पाट्या भरतात आणि गाडी वळून वाळूवर येते. आमच्याकडं बैलाला पाण्यात नेतात ते पोळ्याला रेणा नदीवर धुवायला, तेही नदीला पाणी असलं तर. माझा धाकटा मुलगा ओरडलाच, "अम्मी, ह्यांचे बैल समुद्रात पण काम करतात!"

काठावर मग जत्राच. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, माकूल असे ढीग लागलेले. प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं. आकडा चढत जातो, एक जण मान हलवतो, संपला सौदा. मैत्रिणीचे दीर माझ्या कानात सांगत होते, कोण काय करतं. ही बाई माल घेऊन दापोलीच्या बाजारात नेते. तो बर्फवाला. ते दोघं होडीचं इंजिन दुरुस्त करतात. ती म्हातारी बोंबील वाळवते, तिच्या हातचे बोंबील मुंबईपर्यंत जातात. तो उंच माणूस तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. पाण्याचा रंग बघून मासळी कुठं असेल ते सांगतो. हिंदू कोळी, मुसलमान दालदी, सगळे एकाच वाळूवर. एक दहा-बारा वर्षांचा पोरगा रिकाम्या पाट्या उचलत होता. मी सवयीनं विचारलं, "कितवीत आहेस? अब्बा काय करतात?" त्यानं पाट्या खाली ठेवल्या, पाण्याकडं हात केला आणि म्हणाला, "ती निळी होडी दिसते ना, तिच्यावर तांडेल आहेत." आवाजात असा रुबाब की जणू जिल्हाधिकारी आहेत.

मला माझा सहावीतला मुलगा आठवला. "व्यापार लिहू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीच्या दिरांकडं जाळी बघितली. ते अंगणात बसून फाटलेलं जाळं बांबूच्या चपट्या सुईनं सांधत होते. जाळ्याच्या भोकाला तिकडं ‘आस’ म्हणतात. आस फार बारीक ठेवला तर अंगठ्याएवढी पिल्लंही अडकतात आणि पुढच्या वर्षी समुद्रात काही उरत नाही. ते म्हणाले, "पिल्लू सुटलं पाहिजे, तेवढी वाट ठेवायची." याच कारणासाठी १ जून ते ३१ जुलै असे दोन महिने मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. होड्या वर ओढून ठेवतात आणि ते दोन महिने घरोघरी जाळी सांधायचं आणि होड्यांच्या डागडुजीचं काम चालतं. आपल्याकडं पेरणीची धांदल असते, तेव्हा त्यांच्याकडं औजारं नीट करायचे दिवस.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून माझे कान शब्दांकडं जातात. बंदर, दर्या आणि हंगाम हे शब्द फारसीतून आले. खलाशी अरबीतून. मोसम अरबीतला. होडीच्या मालकाला ‘नाखवा’ म्हणतात, तो फारसीतला ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. आणि ज्यावर सगळं चालतं तो ‘लिलाव’ पोर्तुगीजांनी आणला. किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या तोंडी हे सगळे शब्द मराठी होऊन बसलेत. एक गोष्ट तर मी शाळेत गेल्यावर सगळ्या शिक्षकांना सांगितली. जुन्या काळी अरबी समुद्रात जहाजाला वाट दाखवणाऱ्या माणसाला ‘मुअल्लिम’ म्हणत. मुअल्लिम म्हणजे शिक्षक! गुजराती खलाशांच्या तोंडी त्याचा ‘मालम’ झाला.

मैत्रिणीच्या घरी बोलतात ती मराठीचीच एक बोली. आमच्या घरी दखनी. ती मुलांना हाक मारायची ती तिच्या बोलीत, मी माझ्या दखनीत, आणि आमच्या दोघींच्या मुलांनी एकमेकांशी भांडण केलं ते शुद्ध पाठ्यपुस्तकी मराठीत. मैत्रिणीची सासू, जिला सगळे दादी म्हणतात, पोट धरून हसल्या.

तुम्ही म्हणाल, कोकणात सगळं छानच आहे का? तसं नाही. दिरांनी स्पष्ट सांगितलं. डिझेल महाग झालं, मासळी पूर्वीसारखी मिळत नाही. होडीवर काम करायला गावातली पोरं तयार नाहीत. खलाशी बाहेरून येतात, अगदी नेपाळचेसुद्धा. कोकणातल्या मुसलमान घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर आणि परदेशात गेलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली माणसं पार दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला जाऊन राहिली. तिथं त्यांच्या वंशजांना अजून ‘कोकणी’ म्हणून ओळखतात. आता आखाती देश आहेत. गावात कुलूप लावलेली मोठी मोठी घरं दिसतात. पण मला जे जाणवलं ते असं. पोरगा दुबईला गेला तरी आपला बाप तांडेल होता, हे तो लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दाभोळला गेलो. खाडीच्या काठावर जुनी दगडी मशीद आहे. विजापूरच्या एका शहजादीनं ती सतराव्या शतकात बांधली. सांगतात की ती हजला निघाली होती, पण समुद्रात चाच्यांचा धोका होता म्हणून दाभोळलाच अडकली. मग हजसाठी आणलेला पैसा तिनं मशिदीत घातला. मी दगडावरून हात फिरवला. शहजादीची आठवण राहिली. ज्यांनी हे दगड घडवले त्या पाथरवटांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

हे दाभोळ आपल्याला परकं नाही. महमूद गवान हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. इराणमधल्या गिलानचा हा व्यापारी १४५३ च्या सुमारास दाभोळ बंदरात उतरला, तिथून बिदरला गेला आणि पुढं बहमनी राज्याचा वजीर झाला. बिदरला त्यानं बांधलेला मदरसा १४७२ चा. बिदर म्हणजे आम्हाला उदगीरच्या पलीकडचं गाव. रशियाचा प्रवासी अफनासी निकितिन त्याच काळात बिदरला येऊन राहिला आणि परत जाताना दाभोळहूनच जहाजात बसला. अरबस्तानातून आलेले घोडे दाभोळला उतरवून दख्खनमध्ये नेत. म्हणजे आम्ही गाडीत बसून जी वाट केली, ती घोड्यांची आणि व्यापाऱ्यांची जुनीच वाट आहे. समुद्रावरचा माल आणि हुनर त्या वाटेनं आपल्या गावांपर्यंत यायचा.

त्या संध्याकाळी दादींनी आमच्यासाठी सांदण आणि नारळाच्या रसातली कोळंबी करायचं ठरवलं. माळ्यावरून तांब्याचा एक मोठा टोप खाली काढला. त्यांच्या लग्नातला. मी सहज तो हातात घेतला, आतून अंगठा फिरवला आणि तोंडातून निघून गेलं, "दादी, याची कलई गेलीय. खाली तांबं उघडं पडलंय. यात आंबट काही करू नका, कळकेल."

दादी माझ्याकडं बघत राहिल्या. "तुला कसं गं कळलं?"

मैत्रीण हसून म्हणाली, "हिचे अब्बा तर शेतकरी होते."

इथं मला ती जुनी गोष्ट सांगायची आहे.

माझे अब्बा कलईगर होते. रेणापूर आणि आसपासच्या खेड्यांत सायकलवर भाता बांधून हिंडायचे. गल्लीत लिंबाखाली खड्डा करायचे, कोळसा पेटवायचे, मी भात्याचं चाक फिरवायची. भांडं वाळूनं घासून स्वच्छ करायचं, आगीवर तापवायचं, मग नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठायचा, डोळ्यांत पाणी यायचं. त्याच क्षणी कथिलाची कांडी भांड्याला टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथिल आतून सगळीकडं पसरवायचं. एका दमात. हात थांबला तर डाग राहतो. काळंमिट्ट भांडं बघता बघता चांदीसारखं व्हायचं आणि बायका म्हणायच्या, "चाचा, नवं केलंत हो." पुढं घरोघरी स्टील आलं आणि ते काम कमी कमी होत गेलं. तरी माझी बी.एड.ची फी त्याच कथिलातून भरली गेली.

आणि प्रवेशाच्या अर्जावर ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात मी लिहिलं – शेती. आमच्याकडं गुंठाभरही जमीन नव्हती. शहरातल्या मुलींसमोर कलईगर म्हणायची मला लाज वाटली. अर्जावर पालकाची सही लागायची. अब्बांना मराठी वाचता यायचं. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. त्या शब्दापाशी त्यांची नजर थांबली, ते मी पाहिलं. काही बोलले नाहीत. सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. बोटांचा काळा ठसा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला होता, तो मी खोडरबरानं पुसला.

पहिल्याच दिवशी वर्गात ओळख करून देताना माझी ही मैत्रीण उभी राहून म्हणाली होती, "माझे अब्बा जहाजावर भंडारी आहेत, म्हणजे स्वयंपाकी. ऐंशी माणसांचं जेवण करतात." तिच्यानंतर माझा नंबर होता. मी शेतीच सांगितली. अब्बा २०११ मध्ये गेले. मी त्यांची कधी माफी मागितली नाही.

तो टोप हातात धरून मी दादींना म्हणाले, "शेतकरी नव्हते. माझे अब्बा कलईगर होते."

मैत्रीण गप्प झाली. दादींना मात्र माझ्या कबुलीचं काही विशेष वाटलं नाही. त्या चटकन म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का? अजून दोन हंडे आहेत माळ्यावर. इकडं आता कलईवाला येतच नाही. तुमच्याकडं कोण करतं आता? भाऊ करतो का?"

माझ्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला भाता धरता येत नाही. मलाही भात्याचं चाकच फिरवता यायचं. कथिल फिरवायला मी कधी शिकले नाही. दादींच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. लाजेचं दुःख एक होतं, हे दुसरंच निघालं. आपण ज्याला लपवतो, ते पुढच्या पिढीला कुणी शिकवत नाही. मग एक दिवस एखादी म्हातारी हंडा घेऊन विचारते, आणि अख्ख्या गावात ते काम येणारं कुणी उरलेलं नसतं.

रात्री मी शब्दांचाच विचार करत पडले. ‘कलई’ हाही अरबी शब्द, अर्थ कथिल. मलायाच्या किनाऱ्यावर ‘कला’ नावाचं जुनं बंदर होतं, तिथून येणाऱ्या कथिलाला हे नाव मिळालं, असं शब्दांचे जाणकार सांगतात. म्हणजे रेणापूरच्या लिंबाखाली अब्बा जे भांड्याला लावत होते, त्याचं नावसुद्धा समुद्रावरून आलेलं.

आपल्या दीनमध्ये हाताच्या कामाला किती मान आहे, हे मी नव्यानं सांगायला नको. माणसानं स्वतःच्या हातानं कमावलेल्या घासापेक्षा चांगला घास नाही, आणि हजरत दाऊद (अ.) आपल्या हाताच्या कमाईवर जगत, हे आपल्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलेलं आहे. हजरत दाऊद (अ.) चिलखतं करत. हजरत जकरिया (अ.) सुतार होते. आपली आडनावं तरी काय सांगतात? अत्तार, बागवान, तांबोळी, मणियार, शिकलगार, नालबंद. किनाऱ्यावर नाखवा आणि सारंग. आपली आडनावं म्हणजे धंद्यांचं हजेरीपत्रकच आहे. नावात अभिमानानं मिरवायचं आणि अर्जात मात्र ‘व्यापार’ लिहायचं, याला काय म्हणावं?

सुट्टीनंतर शाळेत मी एक छोटं काम केलं. शाळेत ‘आनंददायी शनिवार’ असतो. एका शनिवारी मी त्या मुलाच्या वडिलांना बोलावलं. ते आधी नकोच म्हणाले. "मॅडम, मी काय शिकवणार? माझं शिक्षण चौथी." तरी आले. आता त्यांचं काम यंत्रावर चालतं, पण घरी वडिलांच्या काळातली धनुकली जपून ठेवलेली होती, ती घेऊन आले. मैदानात चादर पसरली. तारेवर ठोका पडला की तुणतुण्यासारखा आवाज यायचा आणि दबून दगड झालेला कापूस ढगासारखा वर उडायचा. साठ मुलं तासभर जागची हलली नाहीत. मग त्यांनी कापसाचा धागा ओढून दाखवला, जुना कसा, नवा कसा, भेसळीचा कसा ओळखायचा. गणिताच्या सरांनी लगेच उदाहरण घातलं. एका गादीला इतका कापूस, किलोचा दर इतका, मजुरी इतकी, तर दिवसाला किती सुटतात? उत्तर आलं तेव्हा काही मुलांनी एकमेकांकडं बघितलं. इतक्या मेहनतीला इतकेच?

पुढच्या शनिवारी बांगड्या भरणाऱ्या एक चाची आल्या, त्यानंतर चाकू-कात्रीला धार लावणारे. कलईसाठी मात्र आम्हाला अजून कुणी मिळालेलं नाही. शोधतेय.

जानेवारीत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. तोच मुलगा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, पुन्हा विचारणार काय लिहू. त्यानं विचारलं, "मॅडम, पिंजारीतली ‘री’ पहिली की दुसरी?"

"दुसरी," मी म्हटलं.

आता पुन्हा जून जवळ आलाय. घरोघरी अर्ज येतील. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. त्या रकान्यात जे खरं आहे ते लिहा, आणि मुलाच्या हातानं लिहून घ्या. तुमच्या गावात कुणी कलईगर अजून काम करत असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर मला जरूर कळवा. दादींचे दोन हंडे आणि एक टोप अजून माळ्यावरच आहेत.